दत्ताकाकांचा राजीनामा

निवडून येणाऱ्यांकडे किस्सा एकच असतो. गुलाल उधळला, डीजे लावला, संपलं! हरणाऱ्यांकडे मात्र ढीग. आमची शुभांगीताई महापालिकेच्या निवडणुकीत पडली, तेव्हापासून मुलुंडच्या आमच्या पक्षाच्या ऑफिसात आठवड्याला एक तरी किस्सा घडतोच. कुणी चहाला टेकलं की मी सुरू होते. ऑफिसची किल्ली माझ्याकडे असते, त्यामुळे मला थांबवणार कोण?

तर निकालाचा दिवस. आमचा परब भलताच हुशार! सीट आलीच असं समजून आदल्या दिवशीच पेढ्यांची ऑर्डर देऊन मोकळा. दुपारी ताई पडली आणि संध्याकाळी टेम्पो दारात हजर. ताई पाच मिनिटं खोक्यांकडे नुसती बघत बसली. मग ओढणी खोचून उठली. "चला, वाटून टाकू. नासवायचे कशाला?"

मागच्या दोन चाळींत पहिलंच दार सरूमावशीचं.

"कसले गं पेढे?"

"मावशी, मी पडले."

मावशीने पेढा तोंडात टाकला. "पडलीस तर पेढे! निवडून आली असतीस तर जेवणच घातलं असतंस की! छ्या, तुलाच मत द्यायला हवं होतं!"

* * *

मग झाली 'कुठे चुकलो' मीटिंग. इतिवृत्त लिहायला अर्थातच दत्ताकाका. हे आमचे सेक्रेटरी. सगळी नोकरी सरकारी ऑफिसात आवक-जावकच्या टेबलावर काढलेली. ऑफिसात चिठोरा जरी आला तरी शिक्का, नंबर, रजिस्टरात नोंद! या वेळी तिकीट काकांनाच, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. ते मिळालं ताईला. काका एका शब्दाने बोलले नाहीत.

मीटिंगमध्ये दहाव्या मिनिटाला परब आणि आमचा दुसरा कार्यकर्ता सावंत एकमेकांच्या अंगावर. काका मान खाली घालून लिहितायत. शेवटी ताई वैतागून म्हणाली, "काका, काय ठरलं ते वाचा बघू."

काका उभे राहिले. "श्री. परब यांनी श्री. सावंत हे बिनकामाचे असल्याचे निदर्शनास आणले. श्री. सावंत यांनी श्री. परब यांची अक्कल काढली. चहापान झाले. त्यानंतर सदर अक्कल पुन्हा काढण्यात आली."

हसून हसून मुरकुंडी! सावंतच्या डोळ्यांत पाणी.

पण परबच्या जिभेला हाड नाही. "ते असू दे काका, तुमच्याच बिल्डिंगच्या बूथवर आपण मागे कसे? तिकीट नाही मिळालं म्हणून...?"

काकांनी पेनाला टोपण लावलं आणि सरळ निघून गेले. मला इतका राग आला परबचा! दुखऱ्या गुडघ्याने चार-चार मजले चढून मतदारांच्या चिठ्ठ्या वाटताना मी बघितलंय काकांना.

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी काका नेहमीच्या वेळेला आले आणि खिशातून पाकीट काढलं.

"हे काय, काका?"

"राजीनामा. पक्षाचा."

"अहो, मग ताईच्या हातात द्या."

"असा कसा हातात देणार? आवक नको व्हायला?"

स्वतःच शिक्का मारला, नंबर टाकला आणि तक्रारींच्या रजिस्टरात नोंद केली. विषय: राजीनामा. अर्जदार: स्वतः. मग रजिस्टर सरकवलं आणि समोरच्या बाईला म्हणाले, "बोला, पाणी किती दिवस नाही?"

"अहो काका, तुम्ही सोडलंय ना?"

"निर्णय होईपर्यंत हजर राहावं लागतं, सुमन. नियम आहे."

मला हसू आलं, पण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. काका गेले तर मागच्या दोन्ही चाळी त्यांच्या मागून जाणार. मग आमच्याकडे उरणार काय? परब आणि त्याचे पेढे! ताईला सांगितलं तर तिचा चेहरा उतरला. दर सोमवारी ती रजिस्टर घेऊन नंबराने एकेक तक्रार बघते. काकांच्या नंबराआधी अख्ख्या वॉर्डाची गटारं होती. "नंबर येईल तेव्हा बघते," एवढंच बोलली.

* * *

गटारांवरून आठवलं. समोरच्या सोसायटीचे चेअरमन आले. अगदी बिनधास्त! "मत आम्ही त्यांना दिलं, पण गटाराचं तुम्हीच बघा हां."

सावंत तडकला. "मत देताना नाही आठवलो आम्ही?"

"मत पाच वर्षांनी द्यायचं असतं हो. गटार रोज तुंबतं."

काकांनी शांतपणे तक्रार लिहून घेतली आणि वॉर्ड ऑफिसला पाठवली. उत्तर आलं, 'पाठपुरावा सुरू आहे'. वॉर्ड ऑफिसातून दर वेळी तेच येतं. काकांनी आम्हाला समजावलं, "मीही आयुष्यभर हेच लिहिलंय. याचा अर्थ, कागद ढिगाखाली गेला. आता जन्मात हलत नाही."

* * *

म्हणून मग वॉर्ड ऑफिसवर मोर्चाच काढला, पाण्यासाठी. विजयाचा फ्लेक्सही परबने आधीच छापून ठेवलेला, माळ्यावर पडून होता. त्याच्याच पाठीवर रंगवलं, 'पाणी द्या!' एक टोक परबकडे, दुसरं काकांकडे. दोघांचा अबोला. साहेबांच्या केबिनमध्ये शिरून दोघांनी झोकात उलगडला. उलटा! साहेबांसमोर ताईचा हसरा फोटो आणि 'विजयी केल्याबद्दल आभार'.

साहेब ताडकन उभे! "अभिनंदन, मॅडम! बसा ना! अरे, चहा सांगा!"

आता खुलासा कोण करतोय! चहा प्यायलो, वर पाण्याचं सांगितलं. तिसऱ्या दिवशी नळाला फोर्स! बाहेर येताच काका परबला म्हणाले, "उलटा तू धरलास." परब म्हणाला, "तुम्ही धरलात!" महिन्यानंतर बोलले दोघं. मला काय बरं वाटलं म्हणून सांगू!

* * *

आणि मग तो सोमवार. एकेक नंबर निकालात काढत ताई त्या नोंदीवर येऊन थांबली. काका खिडकीबाहेर बघतायत.

परब उठला. "काका, त्या दिवशी मी फालतू बोललो. चुकलं माझं."

ताईने पेन उचललं, शेवटच्या रकान्यात काहीतरी लिहिलं आणि रजिस्टर काकांकडे फिरवलं.

काकांनी चष्मा पुसला, लावला आणि वाचलं.

'पाठपुरावा सुरू आहे.'

मग काकांनी ड्रॉवरमधून शिक्का काढला, शेजारी नीट सरळ मारला आणि दाराकडे बघून म्हणाले,

"चला, पुढचा नंबर कोणाचा?"