मागच्या सतरंजीवरची बासरी

मी एसटीत कंडक्टर आहे आणि मला बासरी वाजवता येते. पहिलं वाक्य ऐकून लोक मान डोलावतात, दुसरं ऐकून हसतात. हसोत बापडे. "बाईच्या जातीनं बासरी फुंकू नये, छाती बसते," असं मला शिकल्यासवरल्या माणसांनीही सांगितलं. जन्मभर फुंकणी घेऊन चूल फुंकली, धुरानं डोळ्यांतून पाणी काढलं, तेव्हा एकालाही माझ्या छातीची काळजी वाटली नव्हती. बासरी हातात घेतली आणि सगळे डॉक्टर झाले.

आमच्या वस्तीतल्या विहारात गाण्याचं मंडळ आहे. बुद्ध पौर्णिमेला त्याचा कार्यक्रम होतो, अख्खी वस्ती जमते. पुढच्या सतरंजीवर पुरुष बसतात, त्यांच्याकडे पेटी, ढोलक आणि माइक. मागच्या सतरंजीवर बायका, त्यांच्याकडे टाळ्या. मला पुढच्या सतरंजीवर बासरी घेऊन बसायचं होतं. एवढंच. एका गाण्यापुरतं का होईना.

पण पेटीवर बसायचे माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. मंडळ त्यांचंच. आणि आमच्या घरात सून भासऱ्यांशी बोलत नाही, भासरेही सुनेशी बोलत नाहीत. लग्न झालं तेव्हापासून आमचं सगळं बोलणं नवऱ्यामार्फत चालतं. मी समोर ताट वाढत असले तरी ते त्याला म्हणणार, "तिले सांग, भाजीत मीठ कमी हाय." दिवसभर गच्च भरलेल्या गाडीत मी "सरका पुढे, मधात जागा आहे" म्हणून ओरडते, दारू पिऊन चढलेल्याला मधल्या स्टॉपवर उतरवते, आणि घरी आल्यावर मुकी. मला याचा राग यायचा. अजूनही येतो.

शिकायला सुरुवात केली तीच चुकीची. मोबाईलवर पाहिलं, मोठे कलाकार हातभर लांब बासरी वाजवतात, तो घनगंभीर आवाज! मीही भंडाऱ्याच्या बाजारातून तशीच लांबलचक उचलून आणली. माझी बोटं भोकांपर्यंत पोचेनात. शहरातल्या एका संगीत शिक्षकांकडे गेले, त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग केसांकडे पाहिलं आणि म्हणाले, "आता या वयात कायले? भजन म्हणा, मन रमते." मन रमवायला आले होते का मी? तडक बाजारात परत गेले आणि छोटी बासरी घेतली. बोटं छोटी तर बासरी छोटी, यात लाजायचं काय? बारीक बासरीचा आवाज उंच असतो, पेटीच्या हिशेबात माझी पांढरी पाचची निघाली, म्हणजे पाचव्या पांढऱ्या पट्टीवर तिचा सा. शिकणाऱ्या प्रत्येक बाईला मी हेच सांगते. हाताला बसेल ती घ्या. मोठीच्या नादी लागून मनगट सुजवू नका.

दुसरी चूक तर फक्त कंडक्टरच करू जाणे. गाडी मागे घेताना आम्ही शिट्टी मारतो, गाल फुगवून, ड्रायव्हरला इंजिनच्या आवाजातही ऐकू जाईल अशी. बासरीही मी तशीच फुंकायची. ती किंचाळायची. वरची तीन भोकं झाकली की सा यायला पाहिजे, माझा सा एकदम वरच्या सप्तकात जाऊन बोंबलायचा. किती दिवस मला वाटायचं बासरीच खराब. मग एकदा चहा गार करताना कळलं. गरम चहावर घालतो तेवढीच फुंकर पुरते. ओठ ताणायचे नाहीत, गाल फुगवायचे नाहीत, खालच्या ओठानं भोक थोडं झाकायचं आणि हवा बारीक सोडायची. जोर पोटातून, ओठातून नाही. हे कोणी सांगितलं असतं तर माझे कितीतरी महिने वाचले असते, म्हणून मी आता सगळ्यांना सांगत फिरते, कोणी विचारो न विचारो.

रियाज करायचा कुठे? घरी भासरे. मग करडी गावचा शेवटचा स्टॉप कामी आला. गाडी तिथं पोचली की परत फिरायला थोडा वेळ असतो. लोक उतरले की मी धानाच्या बांध्यांकडे, म्हणजे भातखाचरांकडे, तोंड करून गाडीमागे उभी राहायची आणि एकच सूर धरायची. गाणं नाही, सारेगम नाही, नुसता सा. मोबाईलवर तानपुरा लावायचा आणि त्यात सा मिसळतो का बघायचं. पहिल्या दिवशी आमचे ड्रायव्हर उतरून मागचं चाक बघायला गेले.

"मॅडम, हवा लीक होऊन राहिली कुठंतरी."

"चाक नाही, मी आहो," मी म्हटलं.

हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण बोलले ते खरं होतं, हवा लीकच होत होती. मी बोटांच्या टोकांनी भोकं झाकत होते. टोकं नाही, बोटाची गादी टेकवायची, आणि दाबायचं नाही, नुसतं ठेवायचं. तळहाताला घाम सुटला की भीतीनं आपण जास्तच दाबतो. मग बोट उचलत नाही आणि सूर अडकतो.

एक चूक नवऱ्याची. माणूस प्रेमळ, पण उत्साह भलता. आमच्याकडे लाकडी दाराला जवसाचं तेल चोळतात, दार वर्षानुवर्षं टिकतं. त्यानं माझी बासरी आतून-बाहेरून जवसाच्या तेलानं माखली आणि उन्हात ठेवली. जवस सुकलं की त्याचं चिकट कातडं होतं. त्यात धूळ बसली, बासरी घशात कफ भरल्यासारखी बोलायला लागली. काडीला फडकं गुंडाळून मी रोज खरवडत बसले आणि रोज त्याला शिव्या घातल्या. बांबूला मोहरीचं तेल लावावं, तेही पुसटसं, आणि उन्हात कधीच ठेवू नये. उन्हानं बासरी तापली की सूर चढतो, मग कोणाशीच जमत नाही.

शेवटी त्यानंच भावापुढे विषय काढला. भासरे म्हणाले, "पेटीशी जुळलं तर एक गाणं वाजवू दे." मला दुसऱ्या खोलीत ऐकू आलं. अवं माय, मला रात्रभर झोप नाही.

तालमीला गेले. भासऱ्यांनी नेहमीप्रमाणे काळी एकपासून गाणं उचललं. माझी बासरी पांढरी पाचची, ती कुठून जुळणार! नुसता गोंधळ. त्यांनी भाता सोडला आणि नवऱ्याकडे बघून म्हणाले, "तिले सांग, हे जत्रेतलं पोरायचं खेळणं हाय."

मीही नवऱ्याकडे बघितलं. "त्यांना सांगा, पांढरी पाचपासून घ्या, जुळते."

"माह्या गळ्याले नाही जमत तेथून," ते त्यालाच म्हणाले.

इथं माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हणजे आजवर मंडळाची सगळी गाणी एका गळ्याच्या मापानं चालली होती. मी मागच्या सतरंजीकडे वळले आणि तिथं टाळ्यांच्या तालमीला बसलेल्या बायकांना विचारलं, तुम्हाला जमतं का काळी एक? त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. एक म्हणाली, "खाली घेतलं तं आवाजच निघत नाही, वर घेतलं तं किंचाळल्यावानी होते. आम्ही तं नुसते ओठ हलवतो बाई." सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही. इतकी वर्षं या बायका टाळ्या वाजवत ओठ हलवत होत्या, आणि मीही त्यांच्यातलीच एक.

पौर्णिमेच्या संध्याकाळी मंडप खच्चून भरला होता. मी मागच्या सतरंजीवर, बासरी पदराखाली झाकून. एकामागून एक गाणी झाली, सगळी काळी एकमधली. माझं नाव कोणी घेतलं नाही. भासऱ्यांनी पेटीचं झाकण लावायला घेतलं तेव्हा मी उठले. बायकांच्या मधून वाट काढत पुढे गेले आणि माइकपाशी उभी राहिले.

भासरे नवऱ्याला म्हणाले, "सांग तिले, येळ झाला. आता आटोपतं घेऊ."

नवरा माझ्याकडे बघत राहिला.

"मलेच सांगा नं भाऊजी," मी म्हटलं. "मी इथंच उभी आहो." माइक चालू होता. अख्ख्या मंडपानं ऐकलं. कोणीतरी मागे "बाप्पा!" म्हणालं.

मी बासरी ओठाला लावली, पोटातून हवा बारीक सोडली आणि सा धरला. तो लागला. थोडा थरथरत, पण लागला. मग तालमीतल्या त्याच गाण्याचं ध्रुवपद वाजवलं, जे बायका दरवर्षी ओठ हलवून म्हणायच्या. दुसऱ्यांदा वाजवलं तेव्हा मागच्या सतरंजीवरून आवाज आला. आधी एकीचा, मग सगळ्यांचा. इतका मोकळा, इतका भरलेला आवाज या बायकांचा मी कधी ऐकलाच नव्हता. माझं एक बोट भोकावरून घसरलं, एक सूर फुटला, कोणाला पत्ता नाही. ढोलकवाला क्षणभर भासऱ्यांकडे बघत थांबला, मग त्यानंही ठेका धरला.

कडवं संपलं. भासऱ्यांनी मान वर केली, नवऱ्याकडे नाही, सरळ माझ्याकडे बघितलं आणि लग्नानंतर पहिल्यांदा माझ्याशी बोलले.

"बस झालं आता."

मी श्वास घेतला आणि दुसरं कडवं सुरू केलं.