बाईसाहेबांचा साज

त्या सकाळची आठवण निघाली, की आजही मी खुर्चीत सावरून बसतो. महाराजांच्या राज्यात मी नुकताच फौजदार झालो होतो आणि कोल्हापुरातल्या एका ठाण्याचा कारभार माझ्याकडे होता. संबंधितांची नावे मी मुद्दाम देत नाही.

एक मानकरी निपुत्रिक वारले. मागे त्यांच्या वृद्ध पत्नी आणि दत्तक पुतण्या. पुतण्याला पुण्यास बिऱ्हाड करायचे होते, म्हणून त्याने घरातल्या जुन्या चिजांचा लिलाव पुकारला. लिलावाचा बंदोबस्त ठरवायला मी त्या दिवाणखान्यात पहिल्यांदा पाय ठेवला आणि दारातच थबकलो. चांदीची ताटे, अत्तरदाण्या, हंसाच्या मानेसारख्या झाऱ्या. काचेच्या कपाटात ठुशी, चिंचपेट्या, तन्मणी. भिंतीवर माणसाएवढी तैलचित्रे. माझ्याबरोबरचा हवालदार पायताण बाहेर काढून आला होता. देवळात येतात तसा.

लिलावाच्या आदल्या दिवशी पुतण्या ठाण्यात आला. कपाटातला सोन्याचा साज चोरीला गेला होता. साजाची खूण सांगताना तो म्हणाला, "त्यातल्या सोन्याच्या पानांमधला एक मासा सोनारानं उलटा बसवलाय. दुसरा तसा साज सापडणार नाही."

पंचनाम्याला गेलो, तर कपाटाचे कुलूप शाबूत. किल्ली घरच्यांकडेच असे. तेवढ्यात नाक्यावरच्या शिपायाने खबर आणली की, त्या घरचा म्हातारा कोचवान सकाळी बग्गी न घेता, बगलेत गाठोडे मारून भाड्याच्या टांग्याने कोडोलीच्या वाटेने गेला. संध्याकाळी परत येताना आम्ही त्याला नाक्यावरच धरला. हात रिकामे होते.

कोचवान मुसलमान होता, दाढी पांढरीशुभ्र. त्याची हयात त्याच घरी गेली होती. मी प्रश्न विचारायच्या आधीच तो म्हणाला, "साज म्याच घेतला, सरकार. मलाच बांधा की."

"कुठाय तो?"

"पंचगंगेत टाकला."

"चाचा, चोरलेलं सोनं नदीत कोण टाकतं?"

"म्या टाकला. झालं न्हवं?"

पुतण्याचा आग्रह होता की फटके द्या, म्हणजे बोलेल. मी नकार दिला. मार खाऊन माणूस आपल्याला हवे तेच बोलतो, एवढे मला तोवर कळले होते. खरे तर हवालदाराने पाण्याचा तांब्या पुढे केला तेव्हाच मला शंका आली. आरोपीचा हात बहुधा कापतो. ह्याचा हात स्थिर होता. अंगावर घेतलेले काम चोख पार पाडणाऱ्या माणसासारखा तो बसला होता.

त्याला कोठडीत ठेवून मी पुन्हा दिवाणखान्यात गेलो. कपाट पाहून वळलो आणि समोरच्या चित्रावर नजर खिळली. आठ-नऊ वर्षांची परकरी पोर, डोळ्यांत मिश्कील हसू, आणि गळ्यात तिला न पेलणारा, पार पोटापर्यंत आलेला साज. जवळ गेलो. चिताऱ्याने एकेक पान, एकेक मणी रंगवला होता. त्यातला एक मासा उलटा होता.

"हे चित्र कुणाचं?" मी घरच्या कारभाऱ्याला विचारले.

"बाईसाहेबांचं. मुरगूडला, माहेरी काढलेलं. लग्नाआधीचं."

म्हणजे साज ह्या घरचा नव्हताच. तो बाईसाहेबांच्या माहेरचा, त्यांचे स्त्रीधन.

मी बाईसाहेबांकडे निरोप धाडला. त्या पडद्याआड बसल्या. परपुरुषासमोर त्या कधी आल्या नव्हत्या. मी म्हणालो, "साज चोरल्याची कबुली देऊन तुमचा कोचवान कोठडीत बसलाय."

कोचवान गावी गेला आहे, असे त्यांना सांगण्यात आले होते. पडद्यामागून आवाज आला, "फौजदार, तुम्ही व्हा पुढं. सकाळी मी येते."

मला वाटले, मुखत्यार पाठवतील. सकाळी बाहेर एकदम शांतता पसरली म्हणून मी दाराशी आलो. भर बाजारातून बाईसाहेब चालत येत होत्या. डोक्यावरून पदर, सोबत एक दासी, बस्स. बग्गी हाकणारा माझ्याच कोठडीत होता. दुकानदार गाद्यांवरून उठून उभे राहिले होते. गूळ घेऊन आलेले गाडीवान बैल धरून बाजूला झाले होते. कोणी कोणाला सांगितले नव्हते. मीही कधी सावधान उभा राहिलो ते मला कळले नाही.

मी खुर्ची पुढे केली. त्या बसल्या नाहीत.

"लिहून घ्या. कपाट मी उघडलं, साज मी काढला. ताटं, चित्रं ह्या घरची, ती विकायला काढली तेव्हा मी बोलले नाही. साज माझ्या आईचा. आता तो कोडोलीला दिलेल्या माझ्या भावाच्या लेकीच्या गळ्यात आहे. तिथून काढायचा असेल, तर आधी मला आत घाला. आणि त्या म्हाताऱ्याला सोडा. मी धाडलं म्हणून तो गेला."

मी जबाब आणि चित्र न्यायाधीशांपुढे ठेवले. त्यांनी चित्र खिडकीपाशी नेऊन पाहिले, पुतण्यालाही दाखवले. मासा पाहून तक्रार त्याने स्वतःच मागे घेतली. पुढे ढकललेल्या लिलावात ते चित्र पुकारले गेले, तेव्हा भरल्या दिवाणखान्यात एकानेही बोली लावली नाही. शेवटी पुतण्याने ते उतरवून बाईसाहेबांच्या खोलीत पोचते केले.

कोठडी उघडताना मी कोचवानाला विचारले होते, "चाचा, खोटं का बोललात?"

"कचेरीत बाईसाहेबांच्या नावाचा पुकारा झाला असता की, सरकार. माझ्या नावाचा झाला तर कुणाचं काय जातंय?"

बाईसाहेब दारातच होत्या. त्या म्हणाल्या, "माझं जातंय." म्हातारा तोवर एकदाही डगमगला नव्हता. आता तो उपरण्यात तोंड खुपसून रडला.

पुढे नोकरीत मी पुष्कळ गुन्हे उघडकीस आणले, पुष्कळ कबुल्या लिहून घेतल्या. पण कबुली मिळाली म्हणून तपास तिथेच थांबवायचा नाही, हे मी त्या प्रकरणात शिकलो. माणूस स्वतःला वाचवायला खोटे बोलतो, हे पोलिसाला पहिल्याच वर्षी कळते. दुसऱ्याला वाचवायलाही तो तितक्याच निर्धाराने बोलतो, हे मला त्या म्हाताऱ्याने दाखवले. म्हणून चटकन कबूल होणाऱ्या आरोपीला मी आधी एकच विचारत असे, "तुझ्या घरी कोण कोण आहे?"