सतरा बंद कोश

त्या बाईशी माझं कधी पटलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून कौतुकाची अपेक्षा धरायला नको. एकोणीस वर्षं आम्ही संग्रहालयाच्या मागच्या एकाच खोलीत बसलो. तिचं टेबल खिडकीपाशी, माझं दाराशी, मध्ये किड्यांच्या पेट्यांची कपाटं आणि डांबरगोळ्यांचा वास. इतक्या वर्षांत तिने मला एकदाही नावाने हाक मारली नाही. ‘लेबलवाले’ म्हणायची. टाचणीवरच्या प्रत्येक किड्याखाली तो कुठे, कधी, कोणत्या झाडावर सापडला याची नखाएवढी चिठ्ठी लावणं हे माझं कामच होतं, तेव्हा त्यात खोटं काही नव्हतं. पण म्हणण्याचीही एक तऱ्हा असते.

मीही तिला पाठीमागे ‘करवत’ म्हणायचो. तिचा सगळा जन्म करवत माश्यांत गेला. ही माशी म्हणजे गांधीलमाशीची दूरची नातलग, पण डंख नसलेली. मादीच्या शेपटीशी बारीक करवत असते, तिने ती पानाला चीर पाडते आणि आत अंडं घालते. त्यातही बाईंचा जीव मोठ्या जातींवर. अंगठ्याच्या पेराएवढ्या, जाड, केसाळ, आणि मिशांची टोकं आगकाडीसारखी फुगलेली. या माश्यांच्या अळ्या पानं खातात, आणि कुठलंही पान खात नाहीत. विलोच्या झाडावरची अळी विलोच खाणार, बर्चच्या झाडावरची बर्च. दुसरं पान पुढे टाकलं तर उपाशी मरेल पण तोंड लावणार नाही. बाईसुद्धा तशाच होत्या, एकदा नाही म्हटलं की नाही.

माझ्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी एका हिरव्या अळीच्या बाटलीवर ‘पतंगाची अळी’ अशी चिठ्ठी लावली. बाईंनी बाटली उचलली आणि आमच्या विभागाचे साहेब समोर उभे असताना मला म्हणाल्या, “पाय मोजा.”

मी मोजले. पुढे तीन जोड्या, आणि पोटाखाली आठ.

“पतंगाच्या अळीला पोटाखाली जास्तीत जास्त पाच असतात. ही करवत माशीची आहे. आठापर्यंत मोजता येतं ना तुम्हाला?”

साहेब हसले. ते हसू मी वर्षानुवर्षं जपून ठेवलं, आणि त्याचं काय केलं ते पुढे सांगतो.

बाई या खोलीत आल्या त्या फरशी पुसायला, बाविसाव्या वर्षी. आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात होती, वडील लवकर गेलेले, धाकटी बहीण शाळेत. फरशी पुसता पुसता त्यांनी कुणाच्या तरी विसरलेल्या डब्यातल्या अळ्यांना ताजी पानं घालायला सुरुवात केली. ज्या अळ्या डिग्रीवाल्यांच्या हातून मरत त्या यांच्या हातून जगत. मग त्यांना अळ्या पाळण्याचं काम मिळालं, पगार मात्र पुसणाऱ्याचाच राहिला. लग्न केलं नाही. बहिणीबरोबर दोन खोल्यांत राहायच्या आणि घरच्या फ्रीजमध्ये भाजीच्या खणात विलोच्या फांद्या ठेवायच्या. बहीण एकदा ऑफिसात येऊन मला म्हणाली होती, “तुम्हीच सांगा हो ताईला काहीतरी. पाहुण्यांना कोशिंबीर करायला गेले तर काकडीवर अळी.” मी काय सांगणार? पालथ्या घड्यावर पाणी.

आता भांडणाचं मूळ. आमच्या सूचीत दोन जाती होत्या. पिवळ्या पोटाची माशी, तिचं झाड विलो. आणि संपूर्ण काळी माशी, तिचं झाड बर्च. काळी जात वेगळी काढली ती साहेबांनी, तरुणपणी, आणि तिला आपल्या गुरूंचं नाव दिलं. त्यांची सगळी कीर्ती त्या एका काळ्या माशीवर उभी होती. बाईंचं म्हणणं, काळी आणि पिवळी एकच.

“बर्चवर मला बसलेल्या सापडल्या आहेत बाई, एक नाही, सहा.”

“बसलेल्या, साहेब. माणूस ज्या बाकावर बसतो तो काही त्याच्या घराचा पत्ता नसतो. बर्चवर अळी सापडली का कधी?”

सापडली नव्हती. साहेब चिडले आणि बोलून बसले, “एका आईच्या पोटी दोन्ही रंग दाखवा, मी माझ्या हाताने नाव खोडतो.” बाईंच्या निवृत्तीला तेव्हा तीन वर्षं उरली होती. आयुष्यात त्यांचं एक अक्षर कुठे छापलं गेलं नव्हतं. हे एवढं सिद्ध करूनच जायचं, असं त्यांनी ठरवलं.

त्यांनी मागच्या आवारातल्या विलोवर एक पिवळी मादी अंडी घालताना पकडली, आणि ती फांदीच मलमलीच्या पिशवीत बांधून टाकली. अळ्या निघाल्या, वाढल्या. डिवचलं की अंगातून पिचकारी मारायच्या. माझ्या दोन शर्टांवर डाग आहेत. शेवटी त्रेचाळीस कोश झाले, तपकिरी, भुईमुगाच्या टरफलासारखे टणक. वसंतात माश्या कोशाला गोल झाकण कातरून बाहेर आल्या. सव्वीस. सगळ्या पिवळ्या.

साहेबांनी त्या दिवशी खोलीत पेढे वाटायचेच बाकी ठेवले. बाईंनी मात्र उरलेले कोश मोजले.

“सतरा बंद आहेत अजून,” एवढंच म्हणाल्या.

बंद कोश म्हणजे मेलेला कोश नव्हे. या माश्या कोशात एक हिवाळा काढतात, कधी दोन. हे बाहेरच्याला ठाऊक नसतं. मला ठाऊक होतं, कारण अकरा वर्षांपूर्वी कपाटामागे राहिलेल्या डब्यातून दुसऱ्या वर्षी एक काळी निघाली होती, आणि तिची आई कोणती हे नोंदलेलं नव्हतं म्हणून बाईंनी स्वतःचाच पुरावा नाकारला होता. ते मी पाहिलं होतं. तेव्हा मला माहीत नव्हतं असं मी म्हणूच शकत नाही.

उन्हाळ्यात बाई आठ दिवस रजेवर होत्या, बहिणीचं ऑपरेशन होतं. साहेब दारात आले, खिडकीतल्या डब्याकडे बघून म्हणाले, “ही मेलेली टरफलं कशाला ठेवलीत? खोली जरा स्वच्छ करा.” एवढंच. आदेश म्हणाल तर आदेश, नाही म्हणाल तर नाही. मी डबा उचलला आणि खिडकीतून मागच्या आवारात, विलोखालच्या पालापाचोळ्यात रिकामा केला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. पहिल्या दिवसाच्या त्या हसण्याची परतफेड झाली.

मग साहेब आणि मी, दोघांचंही अळीमिळी गुपचिळी.

बाई परत आल्या, रिकामा डबा पाहिला, आणि मला काहीही न विचारता खिडकीतून खाली बघितलं. खाली गेल्या. सबंध दुपार गुडघ्यांवर बसून पाचोळा चाळत होत्या. मी खिडकीतून बघत होतो. साडेचारला वर आल्या तेव्हा ओंजळीत नऊ कोश होते.

“मिळाले की,” मी म्हणालो.

“कोश मिळाले. पण त्याच झाडाखालचे. यातले माझे कुठले आणि रानातले कुठले, तुम्ही सांगणार?” त्यांनी कोश माझ्या टेबलावर ओतले. “लावा चिठ्ठी, लेबलवाले. काय लिहाल?”

मी लिहिलं, “बहुधा एकाच आईचे.” दुसरं काय लिहिणार?

त्यांनी चिठ्ठी भिंगाखाली धरून वाचली आणि फाडली. “बहुधा लिहिलेला किडा मी पेटीत ठेवत नाही.” मग शांतपणे म्हणाल्या, “तुम्ही नीच माणूस आहात.” मी फाडलेले कपटे टेबलावरून गोळा केले.

पुढच्या वसंतात मागच्या भिंतीवर ऊन खात बसलेल्या दोन काळ्या माश्या मी स्वतः पाहिल्या. बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “मग?” आणि नव्या मादीची फांदी बांधायला निघून गेल्या.

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी कुणाचं भाषण होऊ दिलं नाही. नव्या वेताच्या एकतीस कोशांचा डबा माझ्या टेबलावर ठेवला. वर त्यांच्याच अक्षरात आईची नोंद, तारीख, झाड.

“मला का?” मी विचारलं. “साहेब फेकून देतील म्हणून?”

“साहेब विसरतील. तुम्ही विसरणार नाही. दोन वर्षं लागतील, आणि तेवढी नोकरी तुम्हाला अजून उरली आहे.” दारात वळून म्हणाल्या, “माफ केलंय असं समजू नका.”

डबा मी रोज मोजायचो. रजेवर गेलो तर बरोबर न्यायचो. बायको म्हणायची, आपल्या मुलांना तरी कधी इतकं जपलं होतंत का. पहिल्या वसंतात अठरा माश्या आल्या, सगळ्या पिवळ्या. साहेब येऊन हसून गेले. मी दार लावून घेतलं.

दुसऱ्या वसंतात, एका मंगळवारी सकाळी, डब्यात एक झाकण कातरलेलं दिसलं आणि शेजारी काळी माशी बसलेली. शुक्रवारपर्यंत सहा काळ्या, तीन पिवळ्या. मी साहेबांना बोलावलं. ते बराच वेळ भिंगातून बघत राहिले. मग त्यांनी सूची मागितली, लाल पेन काढलं, आणि गुरूंच्या नावावर आडवी रेघ मारली. त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत.

मी बाईंना फोन केला. बहिणीने उचलला, “ताई, ते कोशवाले,” असं म्हणाली आणि रिसीव्हर दिला.

“सहा काळ्या निघाल्या,” मी म्हणालो. “तीन पिवळ्या. नाव खोडलं साहेबांनी. माझ्यासमोर.”



“बंद किती?”

“चार.”

“त्यांचं काय करणार?”

“ठेवणार. बंद म्हणजे मेलेला नव्हे.”

“हे सतरा वेळा लिहून काढा,” म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी लिहून काढलं. नखाएवढ्या सतरा चिठ्ठ्या, माझ्या सगळ्यात बारीक अक्षरात. त्या पोस्टाने पाठवल्या. पोच आली नाही, आणि मी वाटही बघत नाही. चार कोश टेबलावर आहेत.