अण्णांचे देव आणि ओली भिंत

दम्याच्या माणसाला भेटायला निशिगंधाचा गुच्छ घेऊन जाणारा नाशकातला पहिला माणूस मीच असेन. अण्णा, म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ, दवाखान्याच्या खाटेवर शिंका देऊन थकले आणि म्हणाले, "जावईबापू, बघायला आलात की पोचवायला?" तीच शेवटची भेट... आठवड्याने ते गेले. हृदयाने गेले असं डॉक्टर म्हणाले, आणि मी त्यावर घट्ट विश्वास ठेवून आहे.

पंचवटीतल्या त्यांच्या तळमजल्याच्या खोलीची एक भिंत शेजाऱ्यांच्या मोरीला लागून होती. ओलीचा डाग दिसला की अण्णा त्यावर जुन्या कॅलेंडरातला देव फ्रेम करून टांगायचे. देव टाकवत नाही ना! ओल वाढली की देव वाढायचे. छाती भरून आली की खाट नेमकी त्याच भिंतीला लावायचे, देवांची नजर राहावी म्हणून. दम आणखी लागायचा, मग वणीची देवी आणखी एक.

आमच्याकडे गंगापूर रोडला चार दिवस राहिले की मात्र छाती मोकळी. "सुमे, तुझ्या हातचं मानवतं बघ मला." बायको फुलायची. तिकडे वहिनींनी दही, केळी, पेरू बंद केले, शेवटी फोडणीसुद्धा. तरी अण्णा परतले की घरघर सुरू. नातेवाईक एकमेकांकडे बघायचे आणि वहिनी ताटं उचलायच्या.

ऐंशी सालाच्या आसपास एका पावसाळ्यात नवे डॉक्टर घरी आले. वाकडा गणपती सरळ करायला गेले, तर मागे काळी, केसाळ बुरशी. एकेक देव उतरवला, भिंतभर तीच. "दमा हिनेच दिला असं नाही," डॉक्टर म्हणाले, "पण रोज हिच्या कुशीत झोपताय. श्वासातून ही आत जाते, अंग हिच्याशी भांडत बसतं, आणि छाती आवळते."

"म्हणजे माझ्या स्वयंपाकानं नाही?" वहिनींनी विचारलं.

"स्वयंपाकाचा काय संबंध?"

वहिनी आत गेल्या, त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

मोरी दुरुस्त झाली, भिंत खरवडून चुना लागला. दमा गेला नाही, पण निवळला. त्यानंतर अण्णा कुणाच्याही घरी पाण्याआधी भिंतीला तळवा लावायचे. भाचीचं एक स्थळ त्यांनी असंच नाकारलं, मुलगा बाहेर यायच्या आत.

परवा त्यांच्या खोलीत शिरलो आणि माझाही तळवा भिंतीवर गेला... कोरडी. वहिनींनी पिठलं-भाकरी वाढली, वर लसणाची चरचरीत फोडणी. परतताना रिक्षा घराजवळ आल्यावर बायको म्हणाली, "वहिनीचं पिठलं माझ्यापेक्षा चांगलं आहे. तेव्हाही होतं. अण्णाला मी कधी सांगितलं नाही."