खडीच्या ढिगांमधली गोदी

आसारामला पोहता येत नव्हतं आणि नोकरी होती गाळ काढणाऱ्या जहाजावर. तिसगावजवळच्या त्याच्या वाडीत हे कुणाला खरं वाटत नसे, आणि त्यात वाडीची काही चूक नाही. विसाव्या वर्षी तो हमालीला म्हणून मुंबईला गेला. मोटेच्या नाड्याला मारायची गाठ हाताला ठाऊक होती; ती पाहून खलाशांच्या म्होरक्याने, सारंगाने, त्याला ड्रेजरवर दोर धरायला उभं केलं. सात वर्षं तेच. बादल्यांच्या माळेने गोदीच्या तळाचा गाळ उपसायचा, जहाजाच्या पोटात भरायचा, गोदीच्या दारांतून बाहेर पडायचं, लांब समुद्रात ओतायचा आणि परत यायचं. तोवर नवा गाळ येऊन बसलेला असे.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात तो रजेवर आला तो लग्नाची तारीख धरायला. सुपारी फुटली होती. मुलगी बनू, बाप कानिफनाथ. सगळी वाडी दुष्काळी कामावर खडी फोडत होती, म्हणून भेट तिथंच, दुपारच्या सुट्टीत झाली.

“पाव्हणं, नेमकं करता काय तुमी?”

“समुद्रातला गाळ काढतो, मामा.”

“अन् टाकता कुठं?”

“समुद्रातच.”

कानिफनाथाचा घास हातातच राहिला. शेतात घालायच्या तळ्याच्या गाडीभर गाळासाठी सख्ख्या भावाशी वर्षभर अबोला धरणारा माणूस तो.

“अन् त्याचा पगार देत्यात?”

“देत्यात की.”

“मग तुमी येडे तरी हाव न्हाईतर खोटारडे तरी. माझी पोर दोघांनाबी द्यायची न्हाई. सुपारी परत!”

शेजारी खडीचे ढीग तीन महिने पडून होते आणि रस्त्याचा पत्ता नव्हता. नुसतं तिकडं बोट दाखवलं असतं तरी भागलं असतं. पण आसारामला सुचलं ते भलतंच. “करून दावतो,” म्हणाला.

खडीच्या दोन लांब रांगा समोरासमोर होत्या. त्या भिंती झाल्या. मधली जागा म्हणजे जहाज थांबवायचा हौद. समुद्राकडचं दार कचरू मुकादम. गोदीकडचं दार खुद्द कानिफनाथ, हात पसरून. बैल छावणीत होते, म्हणून मोकळी गाडी चौघांनी ओढायची, ते जहाज. राहिलं पाणी. ते बायकांना व्हायला सांगितलं, काही समुद्रात, काही हौदात, काही गोदीत. उभं राहिलं की भरती, बसलं की ओहोटी.

“मी समुद्रात बसायची न्हाई,” रंगुबाई म्हणाली, “मला खारट सोसत न्हाई.” तिला गोदीत घेतलं.

“गोदीतलं पाणी कायम उभं,” आसारामने बजावलं. “समुद्र आता बसलेला, हौदबी. जहाज हौदात आलं की मागचं दार लागतं. मग हौदातलं पाणी हळूहळू चढवायचं. गोदीच्या बरोबरीला आलं की पुढचं दार उघडायचं. दोन्ही दारं एकदम कधीच न्हाई!”

गाडी हौदात शिरली. कचरूने दार लावलं आणि लगेच तंबाखू थुंकायला बाजूला गेला. तेवढ्यात कानिफनाथाने नाक पुसायला हात खाली घेतला.

“अरे गेली! सगळी गोदी गेली!” आसाराम गाडीवरून ओरडला. गोदीतल्या बायका इमानदारीत धपाधप बसल्या. “मामा, पन्नास जहाजं चिखलात बसवली तुमी! दार हाव का कोण हाव?”

होणाऱ्या सासऱ्याशी असं बोलतात? कानिफनाथाचे कान लाल झाले. त्याने हात पसरले ते असे, की खांबच.

“हे दार आता उघडणार न्हाई. लगीन मोडलं. जहाज घेऊन जा मुंबईला.”

कचरू आपल्या जागी परत आला. “कानिफनाथ, सुट्टी संपत आली.”

“संपू दे.”

आसाराम गाडीवर तसाच उभा. सात वर्षांत दार अडलेलं त्याने पाहिलं नव्हतं. “मामा, दाराला विनवायचं नसतं,” तो हळू म्हणाला. “पाणी दोन्हीकडं सारखं झालं की जोरच उरत न्हाई. ते आपसूक उघडतं.”

“मंग चढव पाणी!”

गोदीतल्या बायका पुन्हा उभ्या राहिल्या. हौदातल्या मात्र सकाळपासून खडी फोडून थकलेल्या. बसल्या त्या बसल्या. कुणी हलेना. मग गाडीच्या चाकाजवळून बनू उठली, पदर खोचला आणि बापाच्या समोर येऊन उभी राहिली. उंचीला बापाएवढीच होती.

“खाली बस.”

“चढलेलं पाणी बसत न्हाई, आबा.”

मागून कडूबाई उठली, मग मालनबाई, मग एकेक करत सगळा हौद उभा राहिला. कानिफनाथाने लेकीकडं पाहिलं, मागं गोदीकडं पाहिलं. खरोखर सारखं झालं होतं. त्याचा एक हात खाली आला, मग दुसरा. गाडी कुरकुरत गोदीत गेली.

तो गाडीमागं चालत गेला. “आता आत येऊन काय?”

“गाळ भरायचा.”

“मंग?”

“बाहेर जायचं.”

“याच दारातनं?”

“व्हय, मामा.”

“मग आखितीला लगीन धरू,” कानिफनाथ दंड चोळत म्हणाला. “पर बाहेर जाताना दार दुसरं कुणी व्हा. माझं हात भरून आलं.”