सफेदा

उद्धवराव कड मूळचे कुरुळीचे. घरी कांदा-बटाट्याची शेती होती, ती थोरले भाऊ बघत. उद्धवराव चित्रकलेच्या परीक्षा देऊन चाकणला नव्यानेच निघालेल्या एका हायस्कूलमध्ये ड्रॉइंगमास्तर झाले. रोज सायकलवर येत आणि तास झाले की शेतांच्या बांधावर बसून चित्रं काढत.

१९५५ च्या दिवाळीनंतर शाळेतले शास्त्राचे शिक्षक नोकरी बदलून पुण्याला गेले. हेडमास्तर यशवंतरावांनी उद्धवरावांना बोलावून घेतलं.

"रसायनाचे तास तुम्ही घ्या."

"मी? मला त्यातलं काय कळतं, साहेब?"

"रंग कळतात ना? मग बाटल्या तरी ओळखता येतील. वर्षाचाच प्रश्न आहे."

नाही म्हणायची सोय नव्हती. प्रयोगशाळा म्हणजे व्हरांड्याच्या टोकाची एक खोली. दोन लांब टेबलं, स्पिरिटचे दिवे, पाण्याचा माठ आणि कुलपातलं एक कपाट. उद्धवराव पुस्तकातला धडा आधी स्वतः करून बघत आणि मग वर्गाला दाखवत. पहिले काही आठवडे त्यांना या कामाचा मनापासून कंटाळा आला.

क्षारांचा धडा आला तेव्हा तो कंटाळा गेला. तांब्याच्या ऑक्साइडची काळी भुकटी त्यांनी गरम, पातळ गंधकाम्लात थोडी थोडी टाकली. विरघळायची थांबली तेव्हा द्रव गाळला, थोडा आटवला आणि झाकून ठेवला. दुसऱ्या दिवशी बशीत निळे खडे धरले होते.

"आरं, ही तर मोरचूद हाय," ज्योतीराम नावाचा मुलगा म्हणाला. "आमी बटाट्यावर फवारतो."

"हो, तीच. हा विरघळणारा क्षार. म्हणून पाणी आटवून काढावा लागतो."

न विरघळणाऱ्या क्षारासाठी त्यांनी शिशाच्या नायट्रेटचं पाणी आणि धुण्याच्या सोड्याचं पाणी एकत्र केलं. दोन्ही स्वच्छ होती; मिसळताच दुधासारखा साका, म्हणजे न विरघळणारा गाळ, झाला. तो गाळून, धुऊन वाळवल्यावर उद्धवरावांनी बोटाच्या टोकावर घेतला आणि बराच वेळ बघत राहिले. हा सफेदा होता, पांढऱ्या रंगाची पूड. रंगाच्या दुकानातून आजवर ते विकत आणत आले होते तोच. मग आठवण होऊन त्यांनी सगळ्यांना साबणाने हात धुवायला लावले, कारण शिसं विषारी असतं.

फेब्रुवारीत तपासणीला शिक्षणखात्याचे डेप्युटीसाहेब येणार होते. शाळेच्या नावाची पाटी उन्हापावसाने विटली होती. उद्धवरावांनी हा सफेदा जवसाच्या तेलात घोटला, हिरव्या फळीवर अक्षरं काढली आणि पाटी वाळायला प्रयोगशाळेत ठेवली. त्याच आठवड्यात मॅट्रिकच्या मुलांनी तिथे सडक्या अंड्यांच्या वासाचा वायू तयार केला. पाटी लावायला काढली तर अक्षरं तपकिरी, काही तर काळीच पडलेली.

"हे काय झालं?" यशवंतरावांनी विचारलं.

"ठाऊक नाही, साहेब. बघतो."

त्यांनी पुठ्ठ्यावर सफेद्याचा एक ठिपका काढला आणि मुलांसमोर तो त्याच सडक्या वासाच्या वायूच्या नळीपुढे धरला. ठिपका काळा झाला. सफेद्यातल्या शिशाचा दुसराच एक क्षार झाला होता, तोही न विरघळणारा. तो पुन्हा पांढरा कसा करायचा, याची पुस्तकात एकच ओळ होती. दवाखान्यात कान साफ करायला हायड्रोजन पेरॉक्साइड असतं, ते त्यांनी मागून आणलं आणि कापसाने अक्षरं पुसत बसले. वेळ लागला. अक्षरं पहिल्यासारखी नाहीत, पण पांढरी झाली.

डेप्युटीसाहेबांनी पाटीकडे पाहिलंही नाही. ते प्रयोगशाळेत गेले, ज्योतीरामकडून एक साका करून घेतला आणि उद्धवरावांकडे वळले.

"तुमचं शिक्षण?"

"ड्रॉइंगच्या परीक्षा झाल्यात, साहेब."

"चांगलं शिकवलंत," साहेब म्हणाले, आणि शेऱ्यात लिहून गेले की शाळेने शास्त्राचा पदवीधर ताबडतोब नेमावा.

जूनमध्ये साताऱ्याकडचे लक्ष्मणराव बी.एस्सी. होऊन रुजू झाले. उद्धवरावांनी त्यांना कपाट दाखवलं, किल्ली दिली आणि घरी आले.

"सुटलो एकदाचा," ते पानावर बसल्यावर बायकोला, गोजाबाईंना म्हणाले. ताटातली भाकरी तशीच होती.

"मग जेवत का न्हाई?" त्यांनी विचारलं.

काही दिवस उद्धवराव मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेच्या दारावरून जात, आत मात्र पाऊल टाकत नसत. शेवटी एकदा ते लक्ष्मणरावांच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले.

"एक विचारू का? क्षारांचे तास माझ्याकडे राहू द्याल?"

लक्ष्मणराव वह्या तपासत होते. त्यांनी वर पाहिलं. "घ्या की. मला काय, तेवढंच ओझं कमी."

त्यानंतर दरवर्षी तो धडा आला की उद्धवराव ड्रॉइंगचा तास बदलून घेत. मुलं त्यांना ड्रॉइंगमास्तरच म्हणत. आपल्याला दुसरं काही म्हणावं, असं त्यांनाही कधी वाटलं नाही.