दुसऱ्या सीडीने बिघडवलेली बॅच

एप्रिल १९९९, दुसरा सोमवार. सकाळी साडेदहाला मी चारही माऊस उलटे करून त्यांच्या पोटातल्या गोळ्या काढल्या, साबणाच्या पाण्यात टाकल्या आणि आतल्या चाकांवर बसलेला मळ केसातल्या पिनेने खरवडायला बसले. आमचा कॉम्प्युटर क्लास जळगावच्या पिंप्राळ्यात पिठाच्या गिरणीला लागून होता. त्यामुळे तिथला मळ काळा नसायचा, राखाडी असायचा आणि ओलावा लागला की त्याची कणीक व्हायची. दर सोमवारी हे काम करावं लागे. त्या दिवशी ते मी जरा जोरात करत होते, कारण दुपारी बायकांच्या बॅचची चाचणी होती आणि निम्म्या बायका नापास होणार हे मला दिसत होतं.

दोष माझाच होता. मी त्यांना गेम दिला होता.

बायकांची बॅच दोन ते चार. सात जणी, मशीन चार. पहिल्या आठवड्यात कोणी माऊसला हात लावेना. गिरणीवाल्याची बायको माऊसवर हात ठेवायची तो तापलेल्या तव्यावर ठेवल्यासारखा. ती धरणगावकडची, वयाने माझ्याएवढीच. क्लासमध्ये मी साऱ्यांची मॅडम होते, पण तिला मी वहिनी म्हणायची. धुळ्याला माझ्या धाकट्या भावाचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. तो म्हणाला, "अक्का, त्यांना टायपिंग नको देऊस. गाव वसवायचा एक गेम आहे, तो दे. आठ दिवसांत माऊस धरतील."

गेम साधा होता. मोकळं रान, तीन मजूर, एक मोठं घर. मजुरांकडून लाकूड तोडून घ्यायचं, धान्य पिकवायचं, घरं बांधायची, गाव वाढवायचं, मग सैन्य करून शेजारच्या गावावर हल्ला करायचा. आठ दिवसांत बायका माऊस धरायला शिकल्या, हे भावाचं म्हणणं खरं ठरलं. पण गेम मोठा त्रासाचा. एक मजूर तयार करायला सांगितला की तो तयार होईपर्यंत थांबा, मग पुन्हा घरावर जाऊन दुसरा मागा. वीस मजूर हवेत तर वीस वेळा. झाड तोडून झालं की मजूर कधी कधी तिथेच उभा. दोघे समोरासमोर आले की एकमेकांना वाट देईनात.

"हाऊ माणूस कसाले उभा शे?" वहिनी विचारायच्या. "याले मुकादम नही का?"

"तुम्हीच मुकादम," मी म्हणायची.

"मंग घर काय नि हाई काय! तठे बी मीच सांगू, अठे बी मीच सांगू."

पंधरा मिनिटांत बायका कंटाळायच्या आणि आपण होऊन टायपिंगकडे वळायच्या. मला हेच हवं होतं. गेम वाईट होता, म्हणून बॅच चांगली चालली होती. हे मला तेव्हा कळलं असतं तर पुढचं काही झालं नसतं.

फेब्रुवारीत भाऊ जळगावला आला. मी त्याच्यापुढे त्या मजुरांची तक्रार केली. त्याने पिशवीतून दुसरी सीडी काढली. म्हणाला, हा नवा गेम नाही, त्याच गेमची पुरवणी आहे. पहिला गेम मशीनवर असेल तरच चालते.

ती पुरवणी पहिल्या गेमपेक्षा चांगली होती. थोडीथोडकी नाही, चांगलीच चांगली. पाच मजूर एकदम मागता येत. एका मजुरावर दोनदा क्लिक केलं की पडद्यावरचे सगळे मजूर निवडले जात आणि एका हुकमाने कामाला लागत. गावात माणसांची संख्याही जास्त ठेवता येई. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा आनंद झाला आणि लगेच रागही आला.

"हे यांना आधी सुचलं नाही?" मी भावाला विचारलं. "पहिली सीडी विकत घेणाऱ्यांनी काय पाप केलं होतं?"

"अक्का, आधी कसं सुचणार? गेम करणारे खेळून बघतात ते आपलेच आपण. लोकांच्या हातात गेला, लोकांनी शिव्या घातल्या, मग कळलं कुठे खुपतंय ते. दुसरी सीडी म्हणजे त्या शिव्यांचं उत्तर."

मला ते पटलं, पण आवडलं नाही. मी घरातली थोरली सून. सासूबाईंना वळण लागेस्तोवर माझी आठ वर्षं गेली आणि धाकटी जाऊ आली ती तयार घरात नांदायला. पुरवणी मागून येते म्हणून सुखाची असते. पहिल्याने खाल्लेल्या शिव्यांवर ती उभी असते.

बायकांना असल्या विचारांशी घेणंदेणं नव्हतं. वहिनींनी दोनदा क्लिक केलं, वीस मजूर एकदम हलले, आणि त्या खुर्चीतून अर्ध्या उठल्या.

"बठ्ठा एकदम गयात, दखा!"

"मॅडम, घरच्यांवर दोनदा क्लिक करता येतं का?" मागून एकीने विचारलं.

"येतं, पण घरचे हलत नाहीत," दुसरी म्हणाली.

तिथून बॅच बिघडली. चारही मशीन मी केबलने जोडली होती, त्यामुळे चार गावं एकाच रानात वसवता येत. गेम करणाऱ्यांच्या हिशेबाने या चार गावांनी एकमेकांवर तुटून पडायला हवं होतं. आमच्या बायकांनी काय केलं? उन्हाळ्यात पापड-बिबडे करायला आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे अशी सावड करतात, तशी सावड सुरू केली. सोमवारी तीन गावांनी धान्य आणि लाकूड चौथ्या गावाला पाठवायचं आणि ते पुरं बांधून घ्यायचं. मंगळवारी दुसरं. हल्ला कोणी करायचाच नाही. मग खेळ संपणार कसा? संपतच नसे. आणखी पाच मिनिटं, आणखी पाच मिनिटं करत तीन वाजायचे.

ही सावड लावून दिली दीपनगरच्या बाईंनी. तीन नंबरच्या मशीनवर बसायच्या. तिशीच्या, अबोल, फार हुशार. त्यांचा नवरा वीजकेंद्रात नोकरीला होता, वर्षापूर्वी हार्ट अटॅकने गेला. त्याच्या जागी त्यांना कारकुनाची नोकरी मिळणार होती, पण कॉम्प्युटरचं सर्टिफिकेट आणल्याशिवाय फाईल पुढे सरकणार नव्हती. कॉलनीतलं क्वार्टर जूनपर्यंतच ठेवायला मिळालं होतं. म्हणजे एप्रिलच्या परीक्षेला बसणं भाग होतं. पुढची परीक्षा ऑगस्टमध्ये. हे बॅचमधल्या सगळ्यांना माहीत होतं. त्यांना भुसावळची गाडी गाठायला पावणेचारला निघावं लागे. दोन ते तीन गेम आणि तीनला टायपिंग सुरू म्हणजे त्यांच्या हाती पाऊण तास, तोही एका मशीनवर दोघी. मी गेम बंद करायला हवा होता. दोनदा ठरवलं आणि दोनदा मीच वहिनींच्या खुर्चीमागे उभी राहून नदीवरचा पूल कुठे बांधावा हे सांगत बसले.

चाचणीत एक पत्र टाईप करायचं होतं, एक तक्ता करायचा होता आणि दोन्ही 'चाचणी' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायचं होतं. यात पास होईल तिचंच नाव मी परीक्षेच्या यादीत घालणार होते. यादी आणि सह्या केलेले अर्ज मंगळवारी दुपारी कुरिअरने मुख्य ऑफिसला जायचे होते.

साडेतीनला मी चारही मशीनवरचं ते फोल्डर उघडलं. वहिनींचं पत्र नव्हतं. आणखी दोघींचं नव्हतं. दीपनगरच्या बाईंचं पत्र नव्हतं, तक्ताही नव्हता.

"कुठे आहे?" मी विचारलं.

"ठेवलंय मॅडम. दाखवते..."

"मी फोल्डर उघडूनच बसले आहे. रिकामं आहे."

"तिथे नाही, मी ते..."

"तिथे नाही म्हणजे नाहीच!" माझा आवाज चढला. "दोन महिने गावं वसवता, दोनशे मजूर बोटावर नाचवता आणि एक पत्र सांगितल्या जागी ठेवता येत नाही? तुमचं या वेळी होणार नाही, बाई. ऑगस्टमध्ये बघू."

दीपनगरच्या बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, पर्स उचलली आणि गेल्या. अर्जावर त्यांची सही घ्यायची होती. तो अर्ज मी गठ्ठ्यातून काढून बाजूला ठेवला.

मग गेम काढायला घेतला. तीन नंबरपासून सुरुवात केली. गेम काढला तरी त्याचं फोल्डर मागे राहिलं, तेव्हा तेही उडवलं. खात्री आहे का, असं मशीनने विचारलं. मला खात्री होती. केर काढला की तो दारामागे न ठेवता बाहेर नेऊन टाकायची मला सवय, म्हणून रिसायकल बिनही रिकामं केलं. मग एक नंबर. मग दोन. बायका उभ्या राहून बघत होत्या. चार नंबरला वहिनी आडव्या आल्या.

"मॅडम, हाई नका काढू. मन्ही बठ्ठी पत्रं तठेच शेतस."

"कुठे?"

त्यांनी माऊस हातात घेतला आणि गेमचं फोल्डर उघडलं. आत त्यांच्या गावाची फाईल होती, आणि तिच्याशेजारी त्यांच्या नावाचं फोल्डर. त्यात एकवीस पत्रं, तारखेवार. शेवटचं त्याच दिवशीच्या चाचणीचं. तक्ताही होता.

मशीन बदललं की आपलं गाव फ्लॉपीत घेऊन दुसरीकडे कसं न्यायचं, त्यासाठी गेमचं फोल्डर कसं उघडायचं, हे मीच त्यांना शिकवलं होतं. ते त्यांच्या हातात इतकं बसलं होतं की कॉम्प्युटरमध्ये वस्तू ठेवायची जागा म्हणजे ती, दुसरी नाही. गाव जिथे तिथेच पत्रं. 'चाचणी' फोल्डर माझ्या डोक्यात होतं. मी ते फळ्यावर लिहिलं, एकदाही उघडून दाखवलं नाही.

"तीन नंबरवर पण?" मी विचारलं.

"त्यासनं तर सर्वास्नी दखीसन शिकेल शे," वहिनी म्हणाल्या. त्यांचं बघूनच बाकीच्या शिकल्या होत्या. "दुपारी डबा खावाना टाईमले यी बसेत त्या. एक वाजता. तुम्हले माहीत नही का?"

मला माहीत नव्हतं. एक ते दोन मी घरी जेवायला जायची आणि किल्ली गिरणीत ठेवायची. म्हणजे ही बाई रोज तासभर आधी येऊन एकटी टाईप करत होती आणि तो सगळा सराव मी पाच मिनिटांपूर्वी दोनदा पुसला होता: एकदा फोल्डरमधून आणि एकदा बिनमधून.

धुळ्याला फोन केला. भाऊ म्हणाला, "अक्का, बिन रिकामं केलंस? मग मी काय करू?" मग हसत म्हणाला, "गेम तरी ठेवायचास." मी फोन ठेवला. उरलेल्या दोघींची पत्रंही एक आणि दोन नंबरवर गेली होती, पण त्या पिंप्राळ्यातल्याच होत्या. त्यांना बसवून पुन्हा चाचणी घेतली. दोघी पास झाल्या. एकीने पत्र ठेवायला गेमचंच फोल्डर शोधलं आणि ते नाही म्हणून माझ्याकडे वळून पाहिलं. मी तिला नवीन करायला लावलं.

दीपनगरच्या बाईंकडे फोन नव्हता. संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "उद्या येतीलच की दोनला." त्या येणार नव्हत्या. सगळ्यांसमोर ऑगस्ट म्हणून सांगितल्यावर त्या तिकिटाचे पैसे खर्चून कशाला येतील? आणि आल्या असत्या तरी कुरिअरवाला बारालाच यायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळची बॅच मी रद्द केली. अर्ज घेतला, पहिल्या गाडीने भुसावळ गाठलं आणि तिथून रिक्षाने दीपनगर. रिक्षा थांबवून ठेवली. बाई नळावर पाणी भरत होत्या. मला पाहून त्यांनी कळशी खाली ठेवली नाही.

"चूक माझी झाली," मी म्हणाले. "तुमचं पत्र होतं. मी न बघता फोल्डर पुसलं."

"सगळं?"

"सगळं."

"एकतीस पत्रं होती मॅडम."

मी पिशवीतून अर्ज काढून पुढे धरला.

"काल सगळ्यांसमोर मला बोललात, ते?"

"तीही चूक."

"मग ती आज सगळ्यांसमोर सांगाल?"

"सांगेन."

त्यांनी कळशी आत नेऊन ठेवली, पदराला हात पुसले आणि दाराच्या चौकटीवर अर्ज धरून सही केली. मी म्हणाले, नुसती सही चालणार नाही, चाचणी द्यावीच लागेल. त्यांनी शेजारणीला काहीतरी सांगितलं, दाराला कुलूप लावलं आणि रिक्षात बसल्या. अकराला पाच मिनिटं कमी असताना मी क्लास उघडला, त्यांना तीन नंबरवर बसवलं, फळ्यावरचं फोल्डर या वेळी स्वतः उघडून दाखवलं आणि घड्याळ लावून दारात स्टूल टाकून बसले, म्हणजे बारापर्यंत कोणी आत येणार नाही.